आपलाच आवाज आपल्या कानात

ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हा अंबरनाथच्या एका कारखान्यात मी टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले. माझ्या आवाजाला तेव्हा काही धरबंद नव्हता. बदलापूरजवळच्या खेड्यात वाढलेली मी. आईनं बांधावरून हाक मारली की ती नदीपल्याड पोचायची. हळू बोलणाऱ्याला आमच्या घरात भाकरीसुद्धा मिळाली नसती. पहिल्याच आठवड्यात साहेबांकडे तक्रार गेली, की नवी मुलगी फोनवर भांडते. साहेबांनी सरळ सांगून टाकलं की काही महिने बघू, सुधारली तर कायम करू, नाहीतर घरी. घरी म्हणजे लग्न, आणि माझे वडील त्याचीच वाट बघत होते. मला काहीही करून ती नोकरी टिकवायची होती.

फोन जोडायच्या बोर्डावर माझ्या शेजारी मुख्य ऑपरेटर बाई बसायच्या. त्यांचा आवाज, काय सांगू तुम्हाला! उल्हासनगर कॅम्प दोनचा एक सिंधी व्यापारी माल उशिरा पोचला की शिव्या घालतच फोन करायचा आणि बाईंशी दोन मिनिटं बोलून ‘अच्छा बहनजी’ म्हणत फोन ठेवायचा. मला वाटायचं, ही देवाची देणगी. तसं बोलून दाखवलं तर बाई हसल्या. म्हणाल्या, देणगी कसली, मी तुझ्याहून कजाग होते.

मग त्यांनी हेडफोनवर बोट ठेवलं. फोनवर बोलताना आपला आवाज थोडासा आपल्याच कानात परत येतो. सगळ्यांच्याच येतो, पण लक्ष कोण देतं?

“समोरच्याच्या आधी तो तुला ऐकू येतो,” बाई म्हणाल्या. “तेवढा ऐकत जा.”

ऐकला, आणि शरमच वाटली हो. तोंडानं मी नमस्कार म्हणत होते आणि कानात येत होतं, ‘काय काम आहे?’ पुढचे काही दिवस तर स्वतःला ऐकण्याच्या नादात समोरच्याचं ऐकायचंच राहायचं. स्टोअरचा फोन मी कॅन्टीनला जोडला. बाई न रागावता तो काढून पुन्हा नीट जोडायच्या. हळूहळू माझा आवाज असा मऊ झाला की मीच स्वतःवर खूश.

मग एका दुपारी प्लँटमध्ये एका कामगाराच्या हातावर ॲसिड उडालं. मी ॲम्ब्युलन्ससाठी फोन लावला. लाईनीवर नुसती खरखर. पलीकडचा माणूस हॅलो, हॅलो करतोय आणि मी आपली गोड आवाजात पत्ता सांगतेय. ते कानात ऐकलं आणि कळलं, आत्ता याचा काडीचा उपयोग नाही. सरळ आईचा आवाज काढला. पत्ता एका दमात पोचला.

लगेच बदलापूरला त्या कामगाराच्या घराशेजारच्या किराणा दुकानात फोन करून त्याच्या बायकोला बोलावून घेतलं. ती फोनवर आली, मी तोंड उघडलं, तर कानात अजून माझा तोच आरडाओरडा. थांबले आणि आवाज खाली आणून पुन्हा सुरुवात केली. हात भाजलाय, ते शुद्धीवर आहेत, बोलतायत, अमुक दवाखान्यात नेतोय. ती रडली नाही. दवाखान्याचं नाव तिनं पुन्हा विचारलं आणि म्हणाली, “निघते मी.”

हे सगळं होईपर्यंत बाई शेजारी हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. एकदाही त्यांनी माझ्या हेडफोनला हात घातला नाही. त्यांच्या जागी मी असते तर हिसकावूनच घेतला असता. एवढा धीर त्यांनी कुठून आणला, मला अजून कळलेलं नाही.

तो माणूस बरा होऊन कामावर आला. पुढे साहेबांनी माझ्यासमोरच बाईंना विचारलं, या मुलीचं काय करायचं? बाईंनी माझं कौतुक वगैरे काही केलं नाही.

“साहेब, मला पंधरा दिवसांची रजा हवी आहे,” त्या म्हणाल्या. “बोर्ड ही बघेल.”

साहेब त्यांच्याकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांत बाई बोर्ड दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवून कधी गावाला गेल्या नव्हत्या.