ढवळे मॅडमचं मीटर

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर मी ढवळे मॅडमचं नाव घेतो. आईला हे ठाऊक आहे आणि तिला त्याचं वाईट वाटत नाही. तीच म्हणते, "जन्म मी दिला बाबा, पण पदवी द्यायला मी कुठून आणू?" आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला.

भोकरदनच्या कॉलेजात मॅडम संगणक शिकवायच्या. लॅबमध्ये आल्या की आधी प्रत्येक संगणकाच्या मागच्या पंख्यावर तळहात धरायच्या, तापलेल्या लेकराचं कपाळ बघावं तसा. "हा कण्हून राह्यलाय. काय चालवलंस रे याच्यावर?" त्यांच्या डब्याच्या पिशवीत एक छोटं मीटर असायचं. भिंतीतला सॉकेट आणि यंत्राची पिन यांच्यामध्ये ते लावलं की यंत्र किती वीज ओढतं ते दिसायचं. कुणी नव्या संगणकाचं कौतुक केलं की त्या म्हणायच्या, "कुस्ती मारली ते सांगितलंस. खुराक किती, ते बी सांग."

मी टेंभुर्णीहून एसटीने यायचो. माझ्यासारख्या बहुतेकांच्या घरी संगणक नव्हता. शेवटच्या वर्षी आम्हाला त्रिमितीय चित्रफितीचा प्रकल्प होता आणि त्यावर पदवीचे गुण होते. तो करायचा तर लॅबमध्येच. लॅबचे संगणक जुने, चित्र तयार करायला बसवलं की तासन्‌तास ढिम्म. शिवाय दुपारी लाईट जायची, मग सगळी लॅब एका इन्व्हर्टरवर. चित्रांचं जड काम करणारं ग्राफिक्स कार्ड संगणकात बसवलं तर हे काम हलणार होतं. संस्थेनं ते घ्यायचं ठरवलं तेव्हा आम्ही पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

मॅडमनी जालन्याच्या एका संगणकवाल्या शेठजींकडून दोन कार्डं परतीच्या बोलीवर आणली. एक विटेएवढं मोठं, तीन पंख्यांचं, अंगावर रंगीत दिवे. दुसरं तळहाताएवढं, दिवे वगैरे काही नाही. एकाच संगणकात, एकच चित्र, आधी हे आणि मग ते. मीटर लावून आम्ही भोवती उभे. मोठ्या कार्डानं चित्र निम्म्या वेळात काढलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. मॅडमनी मीटरकडे बोट केलं. चालताना ते तिप्पट वीज ओढत होतं.

"निम्मा येळ, तिप्पट वीज. मंग एका चित्रामागं वीज किती?"

"दीडपट," मागून एक मुलगी म्हणाली.

"बराबर. आता ऐका, मोठं कार्ड वाईट न्हाई. घाई असंल, लाईन पक्की असंल, तर तेच घ्यावं. पण आपल्या इन्व्हर्टरवर हे एकटं बी तग धरायचं न्हाई. आन्‌ याच्या पैशात ही लहानी प्रत्येक टेबलाला येतेत."

हे सगळं त्यांनी संस्थेच्या सचिवांना दाखवलं. सचिवांनी मीटर हातातही घेतलं नाही. "मॅडम, लोक मीटर बघायला येत न्हाईत. त्यांना दिसाया पायजे कायतरी."

"मंग लग्नाच्या मांडवाची झालर आणा सर," मॅडम म्हणाल्या. "सोप्पं पडंल."

आम्ही हसलो. सचिव हसले नाहीत. मोठं कार्डच आलं, एकच. आणि ते आमच्यासाठी नव्हतंच. संगणकाची एक बाजू काचेची करून घेतली, दिवे बाहेरून दिसावेत म्हणून. उद्‌घाटनाला पाहुणे बोलावले, फलक छापले. आम्हाला जुन्याच संगणकांवर बसवलं आणि सांगितलं, काम करत असल्यासारखं दिसा. आम्ही खरंच काम करत होतो. प्रकल्पाची तारीख डोक्यावर होती.

पाहुणे फीत कापून आत आले तेव्हा नेमकी लाईट गेलेली. मॅडम सचिवांच्या कानाशी लागून म्हणाल्या, "आत्ता चालू करू नका." सचिवांनी त्यांच्याकडे न बघता पाहुण्यांना बटण दाबायला लावलं. दिवे लागले, तिन्ही पंखे घोंगावले, पडद्यावर चित्र हललं, आणि इन्व्हर्टरनं एक लांब किंकाळी फोडून मान टाकली. सगळी लॅब काळी. आमचं सकाळपासूनचं काम गेलं. पाहुण्यांनी सहज विचारलं, "काय झालं हो मॅडम?"

"काही न्हाई साहेब. हे होणारच होतं. आम्ही मोजलं होतं."

एवढाच त्यांचा गुन्हा. आठवड्याच्या आत ठरलं की मॅडमनी मुद्दाम लॅब बंद पाडली. आम्हाला एकेकाला ऑफिसात बोलावून तसं लिहून द्यायला सांगितलं. कुणीच दिलं नाही. मी आजही आमच्या वर्गाकडे मान ताठ करून बघतो. तेव्हा सचिवांनी मॅडमना आमच्या अंतर्गत गुणांची आठवण करून दिली. "पोरांचं वर्ष तुमच्या हातात आहे." मॅडमनी माफीनाम्यावर सही केली: चूक माझी. आम्हाला गुण मिळाले. मॅडमना संस्थेच्या आष्टीच्या शाळेत पाठवलं, जिथे शिकवायला संगणकच नव्हता. त्यांना भूगोल दिला.

जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "जाऊ दे रे. भूगोलात बी वीज येतेच की, धरणाची." आम्हाला हसवायला म्हणाल्या. मला हसू आलं नाही, अजून येत नाही. ते कार्ड काचेआड आहे. प्रवेशाच्या दिवसांत पालक आले की तेवढ्यापुरतं चालू करतात. बाकी मुलं त्याच जुन्या संगणकांवर आहेत.

आणि गेल्या आठवड्यात त्याच सचिवांचा मला फोन आला. लॅबमधली ढवळे मॅडमची जागा भरायची आहे, तू आपलाच विद्यार्थी, ये. आज मी छत्रपती संभाजीनगरला नोकरी करतो; ही जागा घराजवळची. आई हरखली. सचिवांनी मॅडमनाही सांगितलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी मॅडमचाच फोन: "घे बाबा ती जागा. माझं जाऊ दे." मी मध्येच फोन ठेवला. त्यांच्याशी असं मी कधीच वागलो नव्हतो. मग हे पत्र लिहिलं.

"आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

फोन मध्येच ठेवला, कारण बोललो असतो तर तोंडून वाईट निघालं असतं. मला सचिवांचा राग आहेच. पण आज तुमचाही आला आहे. तुम्ही आमच्या गुणांसाठी खोट्यावर सही केली. त्या सहीवर माझी पदवी उभी आहे, माझा पगार उभा आहे, हे मी एक दिवसही विसरत नाही. पण आता आम्ही सगळे पास झालो आहोत. आता आमचं कुणी काही वाकडं करू शकत नाही. मग तुम्ही अजून कुणासाठी गप्प आहात?

सचिवांना मी लेखी कळवलं आहे की ती जागा रिकामी नाही, तिच्यावरचा माणूस आष्टीत आहे. आईला सांगितलं. ती आधी रडली, मग म्हणाली, बाईंना घेऊनच ये.

तो माफीनामा मागे घेतल्याचा अर्ज तुम्ही लिहायचा. खाली आम्ही वर्गातले सगळे साक्षीला सह्या करतो, मी सर्वांना विचारलं आहे. रविवारी पहिल्या गाडीनं आष्टीला येतो. चहा नको, जेवण नको. तुम्ही नाही म्हणालात तर दारात बसून राहीन, शेजारीपाजारी काय म्हणायचं ते म्हणोत.

तुमचा विद्यार्थी,
ज्ञानेश्वर"