इंद्रभानचा आराम

इंद्रभान माळ्याचा उजवा हात दोन महिने खाटेवर लाकडासारखा पडून राहिला, तो लकव्यामुळे कमी आणि शालिग्राम मास्तरांच्या इंग्रजीमुळे जास्त.

झालं ते असं. लकवा आला तेव्हा सत्यभामाबाईंनी नवऱ्याला बैलबंडीत घालून बाजारगावच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला. बारा दिवसांनी त्याला घरी धाडलं, सोबत इंग्रजी चिठ्ठी. गावात इंग्रजी येणारे मास्तर एकटेच, तेही चार बुकांपुरते. चिठ्ठीत शब्द होता 'रिलीव्ड'. मास्तरांनी चष्मा पुसून निकाल दिला, "आराम!" त्यांना म्हणायचं होतं, आराम पडला. बाईंनी ऐकलं, आराम द्या. मग काय, हात उशीवर, घास तोंडात, कूससुद्धा बाईच वळवणार. इंद्रभानची वाचाही गेली होती. एकच शब्द उरला होता, "काऊन?" म्हणजे का. भाकर दिली तरी काऊन, पाणी दिलं तरी काऊन.

नांदुऱ्याच्या स्टेशनावर कापसाचे गठ्ठे वाहून थकलेला उकंडराव पहिलवान एक दिवस भेटायला आला. मालिशीत त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता. त्यानं मूठ उघडू पाहिली तर इंद्रभान किंचाळला.

"वयनी, याले निजवून कोणं ठेवलं? हात आखडून राह्यला ना!"

"मास्तरनं सांगतलं."

मास्तर दारातच होते. त्यांना उंबरठ्याखाली जावंसं वाटलं.

"मंग तू चोळ ना, भाऊ," बाई म्हणाल्या.

"चोळतो. पण किती ताणू? खांदा निखळला तं? थे डाक्टरले इचारा."

बंडी पुन्हा निघाली. पहिलवान पुढे, मास्तर मागे मान खाली घालून. डॉक्टरांनी रजिस्टर उघडलं. "इथं आराम पडल्याचं लिहिलंय. नाव कमी झालं."

"अन् हात?" बाईंनी विचारलं.

"तो हलवत राहायला हवा होता."

"थे कोणं सांगाचं?"

"ते आमच्याकडे येत नाही."

"मंग आता या पैलवानले सांगा."

"तेल चोळणाऱ्याशी मी बोलत बसू?"

मास्तरांचं डोकं तापलं. रिलीव्ड म्हणजे सुटका हे त्यांना आत्ता उमगलं, आणि सुटका झाली होती ती दवाखान्याची! नागपूरला जाणाऱ्या दवाखान्याच्या आकड्यांत इंद्रभान ठणठणीत, घरी मूठ बंद. जीव वाचवणारा हाताकडे बघत नाही, हात चोळणारा जिवाला भितो, आणि मधला तीन कोसांचा रस्ता बाईनं एकटीनं तुडवायचा! हे सगळं ते डॉक्टरांना सुनावणार होते, पण वाक्य जुळेना.

बाईंना वाक्याची गरज नव्हती. त्यांनी बंडी फाटकात आडवी लावली आणि बैल सोडले.

"तुमी याले सांगा, हा करंल, मी पायतो. तवरोक बंडी हालत नाही."

"काऊन?" बंडीतून इंद्रभान म्हणाला. अख्ख्या गर्दीत नेमका प्रश्न विचारणारा तो एकटाच.

डॉक्टर तणतणत बाहेर आले. एक हात खांद्याखाली, दुसरा मनगटाला, हळू, झटका नको, रोज दोनदा. पहिलवानानं करून दाखवलं. डॉक्टरांनी त्याचा अंगठा बोटभर सरकवला. झालं! बशीतला चहा निवला नसता एवढ्या वेळात संपलं. आणि एवढ्यासाठी दोन महिने गेले होते.

तेव्हापासून बाई बाजाराला भाजी घेऊन गेल्या की दवाखान्यात डोकावत. कोणतं बोट उघडलं, कोणतं अडलं ते सांगत, आणि मिळालेलं उत्तर पहिलवानाला आणून देत. माघात इंद्रभान उजव्या हातानं वाळल्या मिरचीचे देठ खुडू लागला. एकदा त्याच हातानं त्यानं डोळा चोळला आणि त्याला दुसरा शब्द सापडला. तो इथं लिहिण्यासारखा नाही.

मास्तर संकोचत आले. "बाई, चूक माझीच. आता तरी याला आराम आहे ना?"

बाईंनी मिरच्यांनी भरलेलं सूप त्यांच्यापुढं सरकवलं.

"थो शब्द या घरात काढू नका मास्तर, बसा, देठ खुडा."