त्या दुपारी नेट गेलं नव्हतं

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. त्या दुपारी आमच्या घरातलं नेट गेलं नव्हतं. मी ते बंद केलं होतं.

उज्जैनला टावर चौकाच्या मागच्या गल्लीत आमचं घर. खाली दादा आणि वहिनी, वर मी आणि बायको. नेटची तार वरच्या मजल्यावर येते. मोडेमचं वायफाय एकदा जळलं, तेव्हा दुरुस्तीवाला बघून म्हणाला, "साब, वाईफाई गया, अब तार से चलाओ." तार लॅपटॉपला लावली तर नेट फक्त लॅपटॉपवर, बायकोचा फोन कोरडाच. मग ऑफिसातल्या एकाने दाखवलं की लॅपटॉपलाच हॉटस्पॉट करता येतं. एक बटण दाबायचं, पासवर्ड आपण ठरवायचा. त्याचं नेट मग आसपासच्या फोनना मिळतं, आणि कोण कोण जोडलंय त्यांची यादी पडद्यावर दिसते. झाकण मिटलं की सगळ्यांचं बंद.

मला ते आवडलं होतं. घरात एरवी माझ्या हातात फारसं काही नसायचं.

दादाशी माझा अबोला होता. दोन वर्षांचा. वडिलांच्या वर्षश्राद्धाला मला ऑफिसातून निघायला उशीर झाला, आणि मी राम घाटावर धावत पोचलो तेव्हा दादाने पिंड सोडून टाकले होते. तो ओल्या धोतराने पायऱ्या चढत होता. मी म्हटलं, थांबला का नाहीस. गुरुजींच्या आणि नातेवाइकांच्या देखत तो म्हणाला, "बाबांनी तुझी छुट्टी मंजूर होईपर्यंत ताटकळत बसायचं होतं का?" दोघं-तिघं हसले. मी तिथूनच परत फिरलो. त्यानंतर आम्ही जिन्यात समोरासमोर आलो तर एकाने भिंतीकडे बघायचं, दुसऱ्याने किल्ली शोधायची.

बायकांचं मात्र चालू होतं. खालून वाटी आली की ती रिकामी परत जात नसे. एकदा आमरसाची वाटी खाली गेली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या यादीत नवा फोन दिसला: Aai Baba Ujjain. जर्मनीत असलेल्या पुतणीने आईबापाच्या फोनला तसं नाव देऊन ठेवलं होतं. पासवर्डाची चिठ्ठी वाटीखालून गेली असणार. मी तो फोन यादीत राहू दिला. दिसलेलं न दिसल्यासारखं करायची आमच्या घराला सवय आहे. शिवाय त्यांची गरज मला ठाऊक होती. खाली मोबाइलला रेंज येत नाही, बोलायचं तर फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन उभं राहावं लागतं.

मे महिन्यात पुतणीला मुलगी झाली. बारसं तिकडे होतं, पण खालीही मांडायचं ठरलं. वहिनींनी माळ्यावरचा पाळणा काढला. बाळ तिकडे म्हणून वरवंटा भैरवगढच्या छापाच्या दुपट्यात गुंडाळून पाळण्यात ठेवायचा, आणि व्हिडिओवर दोन्हीकडचे पाळणे एकदमच हलवायचे. नाव दादा ठेवणार होता. पुतणीचाच हट्ट तसा होता. दादाने नाव शोधून ठेवलं होतं आणि वहिनींनाही सांगत नव्हता. बायकोने खालून येऊन मला ते हसत हसत सांगितलं. वहिनींनी फारच खोदून विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "आधीच सांगितलं तर बारसं कशाला करायचं?"

मला बोलावणं होतं. वहिनींचं, बायकोमार्फत. मला ते दादाच्या तोंडून हवं होतं.

त्या दिवशी चार वाजता बायको जरीची साडी नेसून खाली गेली. जाताना म्हणाली, "या हो आता. दोन मिनिटं उभे राहून या." मी म्हटलं, ऑफिसची मीटिंग आहे. मीटिंग होतीच. पण अडकत होती. साहेबांचा चेहरा मध्येच थिजायचा आणि आवाज मागून यायचा. खालून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. मी यादी उघडली. वर बायकोचा फोन, खाली Aai Baba Ujjain.

मीटिंग अडकत होती म्हणून केलं, असं मी स्वतःला बरेच महिने सांगत आलो. ते खरं नाही. त्या यादीकडे बघताना मला घाटावरचं ते हसू ऐकू आलं. तू थांबला नाहीस, मग माझं नेट तुझ्यासाठी का थांबावं, असं काहीतरी डोक्यात आलं. पासवर्डाच्या चौकटीत मी शेवटचे दोन आकडे बदलले. 'जतन करा' दाबलं. यादी रिकामी झाली.

खाली पाळण्याचं गाणं चालू होतं, ते मधेच तुटलं. मग दोन-चार जणींचे एकदम आवाज. मग जिन्याच्या तळाशी बायको.

"अहो, नेट गेलं का?"

"इथेही गेलंय," मी म्हणालो.

माझ्यासमोर साहेब बोलत होते. आता अगदी स्वच्छ.

फाटकाची कडी वाजली. मी खिडकीत गेलो. दादा नवा कुर्ता घालून भर उन्हात रस्त्यावर उभा होता. डोक्यावर काही नाही. फोन कधी उजवीकडे धरत होता, कधी वर. रेंज शोधत समोरच्या इस्त्रीवाल्याच्या टपरीपर्यंत गेला, परत आला. मी वरून बघत होतो. "दादा, वर ये" एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. मी ते मनात दोनदा म्हणूनही पाहिले. मग वाटलं, हाक त्याने मारावी.

त्याच्या हातून फोन पडला. तो उचलायला वाकला असं मला वाटलं. पण तो फाटकाच्या पायरीवर बसला, आणि मग एका अंगावर कलंडला.

इस्त्रीवाला ओरडला, "अरे, बाबूजी को देखो!"

मी जिना कसा उतरलो ते मला आठवत नाही. अनवाणी होतो, कारण पायाला नंतर फोड आले होते. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि दोन वर्षांनी म्हणालो, "दादा." त्याने माझ्याकडे बघितलं. ओळखून बघितलं. तोंडाची डावी बाजू हलत होती, उजवी नाही. तो काहीतरी सांगत होता. एकच शब्द, पुन्हा पुन्हा, पण नुसती हवा. मी कान त्याच्या तोंडाशी नेला. मला काही कळलं नाही.

ते नाव होतं का? मला माहीत नाही. मी गेली दोन वर्षं तो आवाज आठवून त्यात अक्षरं बसवून पाहतो. बसत नाहीत.

त्याला दवाखान्यात पोचवलं. बायको आणि वहिनी तिथे थांबल्या, मी कागद आणायला घरी आलो. आणि कागद शोधायच्या आधी मी काय केलं, तर लॅपटॉप उघडून पासवर्ड पुन्हा जुना करून ठेवला. दादा तिकडे नळ्यांमध्ये होता आणि मी दोन आकडे पूर्ववत करत होतो. मग कागद शोधले.

डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्ताची गाठ अडकली, ती कधीही अडकली असती, घरातही. उन्हाने फरक पडला का, असं मी विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. या उत्तरावर मी रोज एकदा तरी परत जातो.

दादा वाचला. वाचा गेली. उजवा हात गेला. वहिनींनी अक्षरांचा तक्ता आणून त्याच्यापुढे धरला, तर तो अक्षरांवरून डावा हात फिरवतो आणि रडायला लागतो. शब्द त्याच्या डोक्यात सापडत नाहीत की बोटात उतरत नाहीत, हे कुणालाच सांगता आलं नाही. तिकडे बाळाच्या कागदपत्रांना नाव हवंच होतं. पुतणीने थांबून थांबून शेवटी तिच्या सासूने सुचवलेलं ठेवलं. त्याआधी तिने मला निरोप पाठवला: "काका, बाबांनी तुम्हाला कधी काही नाव सांगितलं होतं का?" मी उत्तर लिहिलं, "नाही गं, आम्ही बोलत नव्हतो." तिने त्यावर हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं.

दादा घरी आला त्याच्या पुढच्याच आठवड्यात मी चांगले राउटर आणले. वर एक, खाली एक. आता दादाच्या पलंगापाशीही सगळं स्वच्छ दिसतं, रोज नात दिसते. वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, त्या मेल्या नेटवाल्यांनी ऐनवेळी दगा दिला, नाहीतर हे उन्हात कशाला जाते. मी तिथेच बसलेला असतो. राउटरचा दिवा लागला त्या दिवशी त्या म्हणाल्या, "भाऊजी, फार बरं केलंत. तुमचं लक्ष असतं म्हणून." आणि माझ्या हातात साखरभाताची वाटी दिली. मी ती तिथेच, त्यांच्यासमोर खाल्ली.

आता संध्याकाळी मी खाली जाऊन दादाजवळ बसतो. पेपर वाचून दाखवतो, दाढी करून देतो. तो माझा हात धरून ठेवतो. अबोला त्याच्या बाजूने संपला आहे, हे मला त्या पकडीतून कळतं. त्याला मी खिडकीत दिसलो होतो का, हे मात्र कळत नाही. वहिनींनी तो वरवंटा स्वयंपाकघरात परत नेला, पण दुपटं घडी करून त्याच्या उशाशी ठेवलं आहे.

नाव मी आणून देऊ शकत नाही. ते दादापाशीच राहिलं. पण ते तिथेच अडकलं कसं, हे दादाला, वहिनींना आणि पुतणीला त्यांच्या तोंडावर सांगणं, एवढं देणं मी लागतो. तिघांपैकी एकालाही मी ते अजून सांगितलेलं नाही.