चिन्हं काही ठीक दिसत नाहीत

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, दुकानांच्या पाट्या रंगवतात. एरवी इतका सावकाश माणूस की एका वेलांटीत अर्धी सकाळ घालवतील. पण अधूनमधून त्यांच्या अंगात काय संचारायचं कोण जाणे. झोप नाही, भूक नाही, तोंडाचा पट्टा अखंड चालू. पिवळ्या रंगाचे डबे छतापर्यंत आणून रचायचे आणि जगातल्या सगळ्या भिंती आपल्याच समजून शिडी खांद्यावर टाकून निघायचे. अशाच एका झपाट्यात वाचनालयाची 'शांतता राखा!!!' ही पाटी झाली. दंतवैद्याची 'दात काढून मिळतील!!!' वाचून तर पेशंट दुखरा दात घेऊन दारातूनच पसार व्हायचे.

"कलाकार माणूस, लहरी असायचाच," असं सगळे म्हणायचे. मग काही दिवसांनी हाच कलाकार भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा, केशकर्तनालयावर नुसतं 'केशकर्त' लटकत असायचं, आणि तेच सगळे म्हणायचे, "आळशी आहे, दुसरं काय!" लोकांच्या जिभेला काही हाड नसतं.

ताई तेवढी गप्प असायची. एकदा बाजारातून येताना ती मध्येच थबकली.

"चिन्हं काही ठीक दिसत नाहीत गं."

"कसली चिन्हं?"

"ती काय!" समोर ताजी पाटी होती, 'चपला शिवून मिळतील!!'

"दोन झाली," ताई म्हणाली. "तिसरं आलं की यांची झोप उडते. आणि ते वारं उतरलं की... मागच्या वेळी म्हणाले, मी नसलो तर तू सुटशील. मला फार भीती वाटते गं."

हसायला उघडलेलं तोंड मी तसंच मिटलं.

भाऊजींना डॉक्टरकडे नेणं म्हणजे मांजराला आंघोळ घालणं. ताईनं सरळ थाप मारली, "त्यांच्या दवाखान्याला पाटी हवी आहे." डॉक्टरीणबाईंनी उद्गारचिन्हांची हकिगत ऐकली. झोपेबद्दल, बडबडीबद्दल, उधळपट्टीबद्दल आणि त्या पडून राहण्याबद्दल विचारलं.

"हे दोन स्वभाव नाहीत," त्या म्हणाल्या. "एकाच आजाराची दोन टोकं आहेत. बायपोलर म्हणतात. उपचारांनी ताब्यात राहतो. आणि हो, पाटी खरंच हवी आहे."

"गोळ्यांनी हातातली जादू गेली तर?" भाऊजी कुरकुरले.

"कसली जादू? दंतवैद्याला विचारा," ताई म्हणाली.

गोळ्या सुरू झाल्या. वेलांट्या पुन्हा सावकाश झाल्या. दवाखान्याच्या पाटीला मात्र मुहूर्त लागला तो पुढच्या वर्षी. ताईनं शिडी धरली, मी डबा. 'मनोविकारतज्ज्ञ' लिहून झालं आणि ब्रश सर्रकन खाली आला. उभी रेघ, तिच्याखाली टिंब.

भाऊजी बराच वेळ त्या चिन्हाकडे बघत राहिले आणि मग हळूच खाली उतरले.

"डबा बंद कर गं," मला म्हणाले. मग ताईकडे वळले. "चिन्ह दिसलं. दोन दिवस झोप नाही, आणि दुसरं काढायला हात शिवशिवतोय. चल, आत जाऊ."

ताईला रडूच फुटलं. आजवर ते फक्त तिलाच दिसायचं.

ते उद्गारचिन्ह डॉक्टरीणबाईंनी पुसू दिलं नाही. ते वाचून पेशंट दारातूनच पसार होतात की काय, मला ठाऊक नाही. आमचे भाऊजी मात्र आत गेले.