सरजाबाईच्या घराचं गिऱ्हाईक

सेलूच्या सरजाबाईला अंगठा उठवताना एकदाही वाटलं नाही, की हा कागद दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावा. घ्यावा तरी कसा? बन्सीधर दलाल म्हणजे तिच्या गेलेल्या नवऱ्याचा दोस्त, तिला वहिनी म्हणणारा. त्याच्यावर भरवसा नाही असं दाखवायचं? मरो ती भीड! बाईमाणसाला तीच नडते.

पंचाहत्तर सालची गोष्ट. राहतं घर विकून तिला गंगाखेडला लेकीकडं जायचं होतं. बन्सीधरनं दलालीचा कागद भराभरा वाचला, अंगठा घेतला, एक नक्कल तिच्या हातात दिली. ती तिनं ट्रंकेत टाकली. पुढं आठ दिवसांनी बौद्धवस्तीतली मनकर्णाबाई मास्तरीण दारात आली.

"मावशी, घर मला द्या. तुम्ही म्हणाल त्या किमतीला घेते."

हिनंच सरजाबाईच्या लेकीला मॅट्रिकपर्यंत ओढून नेलं होतं. सरजाबाईनं तिच्या हातावर हात ठेवला. "दिलं म्हना."

हे कानावर गेलं आणि बन्सीधर तणतणत आला. "हे काय करायलाव, वहिनी? आपल्या गल्लीत बौद्धाचं घर? लोक माझ्या तोंडात शेण घालतील. कागद झालाय. मी आणीन त्यालाच घर. न्हाईतर कोर्टात खेचीन!"

कोर्ट! सरजाबाईला घास गिळवेना. घरावर जप्ती आली तर लेकीला काय तोंड दाखवू? आणि बाईंना दिलेला शब्द? मास्तरीण रस्त्यात दिसली की ती दुसऱ्या बोळात शिरायची. शेवटी मनकर्णाबाईच घरी आली. "मावशी, कागद बघू का?"

"नको बाई. घेनाऱ्या तुमीच. लोक म्हनतील, आपल्या सोयीनं वाचलं."

मग सरजाबाई ती नक्कल घेऊन तहसीलबाहेर बसणाऱ्या अर्जनवीस दत्तरावांपुढं बसली. दत्तरावांनी सावकाश वाचलं. गिऱ्हाईक कुणीही आणो, घर विकलं की दलालाला शंभराला दोन. मात्र दलालानं खरेदीखत वाचून दाखवायचं, त्यावर साक्षीची सही करायची. त्याशिवाय दलाली नाही.

"आन गिऱ्हाईक कुनी ठरवायचं?"

"ते कुठंच लिहिलेलं न्हाई. घर तुमचं, मर्जी तुमची."

म्हणजे कागदात नसलेल्या ओळीवर त्या माणसानं तिचा जीव टांगणीला लावला होता! सरजाबाईला रडू आलं आणि लय रागही आला. तरी धाकधूक जाईना. ऐनवेळी त्यानं सही नाकारून बखेडा केला तर?

रजिस्ट्री कचेरीत तेच झालं. दलालीच्या आशेनं आलेला बन्सीधर मनकर्णाबाईला पाहून उठलाच. "मी सही करायचा न्हाई."

सरजाबाई म्हणाली, "नका करू, भावजी. साक्षीदार दुसरा मिळंल. पर मग दलाली मागू नका."

तो दारापर्यंत गेला. दारात जरा घुटमळला, परत आला आणि मुकाट्यानं पेन उघडलं.

"सही मागनं. आदी वाचा," ती म्हणाली. "कागदात हाय तसं. मोठ्यानं."

तो वाचू लागला. घर घेणारीच्या नावापाशी त्याचा आवाज पार खाली गेला.

"नाव ऐकू आलं न्हाई, भावजी," सरजाबाई म्हणाली. "पुन्यांदा वाचा."