फोटो कुठाय?

ज्ञानदेव खोब्रागडे बिगफूटच्या मेळाव्याला जातात हे कळलं तेव्हा आमच्या बेलव्ह्यू-रेडमंडच्या मराठी मंडळींनी तोंडात बोटं घातली. आता बघा, हा माणूस नागपूरला कॉलेजात असताना मुंजाच्या पिंपळाखाली मुद्दाम अवसेला चादर टाकून झोपलेला! सकाळी उठून ‘डास फार आहेत, मुंजा नाही’ असं वस्तीला सांगत फिरलेला. वडिलांची घरात एकच शिकवण, कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, तपासायचं. आणि असा माणूस म्हातारपणी वॉशिंग्टनच्या रानात दोन पायांवर चालणारं केसाळ धूड शोधणार?

“शोधायला नाही जात, तपासायला जातो,” काका म्हणायचे.

“जा, जा. मुंजा संपले, आता माकडं तपासा,” कमलाकाकू म्हणायच्या, आणि वाटेतल्या गावातल्या बेकरीत ॲपल-पाय चांगला मिळतो म्हणून स्वतःही गाडीत बसायच्या.

काकांना हा नाद लावला अर्लने. अर्ल त्यांचा शेजारी, शाळेची बस चालवायचा. काका रेडमंडला नवीन आले तो हिवाळा नुसता पावसाचा. ऑफिसातून घर, घरातून ऑफिस, आणि बोलायला चिटपाखरू नाही. एका रविवारी अर्लने दार वाजवलं, काकांच्या पायातले बूट बघून मान हलवली आणि स्वतःचे जुने बूट आणून दिले. मग त्यांना रानात नेलं. अस्वलाचा माग कुठला, हरणाचा कुठला, कुठल्या झाडाची साल कुणी ओरबाडली, सगळं त्याने शिकवलं. या देशात काकांना पहिलं आपलं माणूस मिळालं ते हे.

मेळावा भरायचा सप्टेंबरात, डोंगराच्या पायथ्याशी एका गावाच्या हॉलमध्ये. टेबलांवर प्लास्टरमध्ये उतरवलेले हे एवढाले पाय, केसांच्या पुड्या, टी-शर्ट, आणि मागच्या किचनमध्ये राजम्याचं तिखट कालवण रटरटत असायचं. दुपारी खुर्च्यांचा गोल करायचे. ज्याला काही दिसलं असेल त्याने उभं राहून सांगायचं. काका तिथले तपासनीस. अस्वलाचा मागचा पाय पुढच्याच्या ठशावर पडला की लांबलचक माणसासारखा पाय उमटतो, हे ते इतक्या प्रेमाने समजावत की ठसा आणणाराही हसत खाली बसायचा. आणि शेवटी त्यांचा एक प्रश्न ठरलेला, “फोटो कुठाय?”

समोरचा ततपप करायचा. “हात उठलाच नाही हो!” बहुतेक सगळ्यांचं उत्तर हेच. काका म्हणायचे, “पुरावा नाही.” झालं! प्रश्न इतका लाडका झाला की काकांनी तोंड उघडायच्या आत अख्खा हॉल ओरडायला लागला, “फोटो कुठाय?” पुढे तर तो टी-शर्टवरही छापला. काका वरवर नको नको म्हणाले, पण एक घरी आणलाच.

मग एका वर्षी गोलात अर्ल उभा राहिला.

अर्ल कधी बोलणारा नव्हे. टोपी हातात घेऊन म्हणाला, नदीकाठी संध्याकाळी मी एकटा होतो, गळ्यात कॅमेरा होता... एवढंच म्हणतोय तोवर हॉल गरजला, “फोटो कुठाय?” सगळे खो खो हसले. काकाही हसले. अर्लने काकांकडे पाहिलं. खोटं कशाला बोलू, काकांना ती नजर कळली होती. पण तपासनिसाने मित्रासाठी हातचं राखून बोलायचं की काय? ते म्हणाले, “पुरावा नाही.” अर्ल खाली बसला. पुढच्या वर्षीपासून त्याने किचन सांभाळायला घेतलं. कालवण उत्तम करायचा, काकांच्या ताटात जास्तीचं वाढायचा, पण गोलात पुन्हा बसला नाही. मैत्री तुटली असं नाही. रानात मात्र दोघं पुन्हा बरोबर गेले नाहीत.

यंदा मेळाव्याच्या सकाळी काका एकटेच रानात फिरायला गेले. धुकं होतं. ओढ्याच्या वळणावर ते थबकले, कारण पलीकडे कुणीतरी उभं होतं. उंच, काळपट, खांदे असे पुढे आलेले. ते वळलं, काकांकडे पाहिलं, आणि दोन पायांवर सावकाश चालत झाडांत गेलं. काकांच्या गळ्यात कॅमेरा होता. दोन्ही हात मोकळे होते. ते उठले नाहीत.

गाडीत येऊन बसल्याबरोबर काकांनी दारं आतून लावून घेतली. काकूंनी थर्मासमधला चहा दिला आणि सगळं ऐकून घेतलं.

“अस्वल असेल,” त्या म्हणाल्या.

“असेल. धुकं होतं. चष्म्यावर पाणी होतं. पोटात काही नव्हतं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी हेच म्हणालो असतो.”

“मग गप्प बसा. कुणी पाहिलंय तुम्हाला? एवढी वर्षं लोक मानतात, आता हसू करून घेणार का?”

काकांनी चहा तसाच धरून ठेवला होता. गप्प बसलं तर कुणाला काही कळणार नव्हतं, हे त्यांनाही दिसत होतं. पण मग ते पुढच्या माणसाला कुठल्या तोंडाने विचारणार होते?

“अर्लचं असंच झालं असेल गं,” ते म्हणाले.

काकूंनी थर्मासचं झाकण लावलं. म्हणाल्या, “ज्याचं जळतं त्यालाच कळतं, अहो. जा. सांगून या.”

दुपारी गोल झाला. तपासनिसाच्या खुर्चीतून काका उठले आणि सांगणाऱ्याच्या जागी जाऊन उभे राहिले. लोकांना वाटलं, काहीतरी गंमत आहे. काकांनी ओढा सांगितला, धुकं सांगितलं, ते खांदे सांगितले. “माझ्या गळ्यात कॅमेरा होता,” ते म्हणाले, आणि हॉलने सवयीने, अगदी प्रेमाने आरोळी ठोकली, “फोटो कुठाय?”

काय तो हशा! काकांचे कान तापले. आजवर या जागी उभं राहून त्यांनी तो आवाज ऐकलाच नव्हता. समोर पाहिलं तर काकू तेवढ्या हसत नव्हत्या. काकांना बसून घ्यावंसं वाटलं, पण ते बसले नाहीत. हळूहळू हशा विरला.

“हात उठला नाही,” काका म्हणाले. “ते अस्वल असू शकेल. माझे डोळे चुकले असतील. म्हणून तपासनीस म्हणून सांगतो, पुरावा नाही.” त्यांनी किचनकडे पाहिलं. “माझ्याकडे नाही, तसा अर्लकडेही नव्हता. पण मी खोटं बोलत नाही. आणि अर्लही बोलला नव्हता. आपण त्याचं पुरतं ऐकूनसुद्धा घेतलं नाही.”

आता कुणी हसलं नाही. किचनच्या दारात अर्ल उभा होता, एप्रन बांधलेला, हातात कालवणाचा डाव. तो गोलात आला. एक खुर्ची ओढून त्याने काकांना खाली बसवलं, दुसरी ओढून स्वतः शेजारी बसला.

“घाबरलास का रे?” त्याने विचारलं.

एवढ्या वर्षांत काकांनी हे एकालाही विचारलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“फार,” ते म्हणाले.

“मीपण,” अर्ल म्हणाला. मग डाव मांडीवर आडवा ठेवून, त्या नदीकाठच्या संध्याकाळचं तो पहिल्यापासून सांगू लागला.