लेफ्ट विंगचा नऱ्या आणि हैदराबादचे खाँसाहेब

आमच्या परभणीच्या हॉकी क्लबातले चार म्हातारे एका ठिकाणी बसले की दर वेळी एक तरी किस्सा वाढतोच. निजामाचं राज्य जाऊन जमाना झाला, पण त्या वेळचे किस्से अजून नवे निघायलेत! कोण कुठं मीठमसाला लावायलाय, ते आता आमालाबी कळत न्हाई. मी गोलकीपर होतो. उभं राहून बघायला सगळ्यात जास्त वेळ मलाच मिळायचा, म्हणून माझंच खरं धरा.

*

नऱ्या गंगाखेडकडच्या एका खेड्यातून परभणीला शिकायला आला. आमच्या टीममधली लेफ्ट विंगची जागा कायम रिकामी असायची. हॉकीत स्टिकची सपाट बाजू एकच. डावीकडून चेंडू आत मारायचा म्हणजे अख्खं अंग फिरवावं लागतं. त्यात आमच्या मैदानाच्या कडेला काळी माती. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडायच्या की भले भले खेळाडू कोपरापर्यंत हात घालून चेंडू काढत बसायचे.

पहिल्या दिवशी नऱ्या अनवाणीच आला. कडेकडेनं एक चक्कर मारली अन् म्हणाला, "सतरा हायत. दोन मोठ्या."

गडी भेगा मोजून आला होता!

पुढं पाथरीची टीम खेळायला आली. त्यांचा बॅक भेगेत अडकलेला पाय काढायलाय, तवर नऱ्या गोल करून परत आलेला. असा लेफ्ट विंग आमच्याकडं होता, हे सांगताना आजबी माझी मान ताठ होते.

*

त्याच सुमारास हैदराबादच्या एका मोठ्या टीमला लेफ्ट विंग पाहिजे होता. टीममधे खेळायचं अन् वर पक्की नोकरी. नऱ्याचं नशीबच उघडणार होतं. शिफारसपत्र लिहायचं होतं आमच्या कप्तानानं, म्हणजे देशपांडे मास्तरांनी. मास्तर शाळेत ड्रिल शिकवायचे. त्यांचं उर्दू झकास होतं, पण माणूस लयच सरळ.

पत्र त्यांनी आमाला वाचून दाखवलं. पोरगा पळतो चांगला. उंचीनं कमी. दम धरत न्हाई. रागीट हाय. चेंडू मिळाला न्हाई तर मैदानात बसून घेतो.

आमी हातापाया पडलो. "मास्तर, बसून घेतो तेवढं तरी काढा की."

"बसतो का न्हाई?"

"बसतो."

"मग?"

पत्र तसंच गेलं. आमी नऱ्याच्या नोकरीची आशाच सोडली. पण उत्तर आलं! खेळाडू निवडणारे खाँसाहेब स्वतः परभणीला येणार होते. शिफारशी रोज येतात, पण खोडी लिहून पाठवलेली ही पहिलीच, तेव्हा पोरगा बघितलाच पाहिजे, असं त्यांनी लिहिलं होतं.

*

खाँसाहेब आले, लिंबाखाली खुर्ची टाकून वही घेऊन बसले. समोर पाथरीचीच टीम. आमी आपसात ठरवलं होतं की नऱ्याला बसायला वावच द्यायचा न्हाई. प्रत्येक चेंडू नऱ्याला!

पाथरीवाल्यांच्या हे पाच मिनिटांत ध्यानात आलं. त्यांचे पाच गडी नऱ्याभोवती जमले. हाफटाइमला पोराच्या दोन्ही नडग्या सुजलेल्या.

मास्तर आमच्यावर उखडले. "त्याला नोकरीला लावायलात का मारायलात?"

मग आमी घाबरून त्याला चेंडू देणंच बंद केलं. अन् नऱ्या बसला. खाँसाहेबांच्या बरोबर समोर, मांडी घालून.

खाँसाहेब उठून कडेपर्यंत आले. "थक गए मियाँ?"

"न्हाई. चेंडू देईनात."

खाँसाहेब मास्तरांकडं बघून हसले. "मास्तर, आप का खत सच्चा है."

आमी चेंडू दिला अन् नऱ्या उठला. नंतरचे दोन्ही गोल त्याचे.

*

आता शेवटचा. ह्यात मात्र आमच्यातलं कुणी मीठमसाला घालत न्हाई.

मॅच संपली. खाँसाहेबांनी वही मिटली अन् म्हणाले, "छोकरे को हम ले जाते. आजच." आमी नऱ्याला खांद्यावर घेणार, तेवढ्यात गर्दीतून आबा पुढं आले.

आबा म्हणजे नऱ्याचे वडील. थोडी जमीन अन् हा एकुलता एक पोरगा. बैल घ्यायचा असला की पंचक्रोशीतली माणसं त्यांना बाजाराला सोबत न्यायची. खुरापासून शिंगापर्यंत हात फिरवल्याबिगर ते कधी हो म्हणत नसत.

"साहेब," आबा म्हणाले, "तुमी माझं पोरगं पारखलं. आता मला तुमाला पारखू द्या."

मास्तरांचा चेहरा पडला. मला मात्र आबांचा असा अभिमान वाटला की काय सांगू. हैदराबादच्या साहेबासमोर असं बोलायची आमच्यातल्या एकाचीबी छाती नव्हती.

"ह्यो झोपणार कुठं?"

खाँसाहेबांना मराठी समजायचं. "टीम के घर में. मेरे बाजू के कमरे में."

"आजारी पडला तर बघणार कोण?"

"मैं."

"अन् खेळता खेळता पाय मोडला तर? मग तुमच्या कामाचा न्हाई अन् माझ्या शेताच्याबी कामाचा न्हाई."

नऱ्या खाली मान घालून उभा. खाँसाहेब परत खुर्चीवर बसले अन् त्यांनी उजव्या पायाची पाटलोण गुडघ्याच्या वर घेतली. गुडघा पार वाकडा होता.

"छब्बीस की उमर में टूटा," ते म्हणाले. "टीम ने जाने नई दिया. ये काम दिया."

आबा त्यांच्यापुढं उकिडवे बसले. दोन्ही हातांनी तो गुडघा चाचपला, वरून खाली, मागून पुढं, सावकाश. मग उठले, हात धोतराला पुसले अन् विचारलं, "गाडी किती वाजता हाय?"